पोळपाट फिरला, की मी फिरलो?

स्वयंपाकघरातून पोळपाट आणा आणि त्यावर पाच वस्तू मांडा. माझ्याकडे किल्ली, लिंबू, चमचा, खोडरबर आणि काड्यापेटी होती. घरातल्या कुणाला तरी तीन-चार सेकंद तो पोळपाट बघू द्या, मग डोळे मिटायला सांगा. मिटले? आता पाचांपैकी एक वस्तू जराशी सरकवा. शिवाय घड्याळाचा मोठा काटा आठ मिनिटांत जेवढा सरकतो, तेवढा पोळपाटही फिरवा. डोळे उघडायला सांगा आणि विचारा, काय हललं?

मी हे माझ्या नऊ वर्षांच्या भाच्यावर करून बघितलं. पत्त्यांच्या जोड्या शोधायच्या खेळात तो मला रोज धूळ चारतो, त्यामुळे थोडा सूडही उगवायचा होता. पोरगं बघतच राहिलं. मान डावीकडे कलती केली, उजवीकडे कलती केली, शेवटी वैतागून म्हणालं, "मामा, सगळंच हललंय!"

दुसरी फेरी. या वेळी पोळपाट जागचा हलवला नाही. डोळे मिटलेल्या भाच्याचा दंड धरला आणि त्यालाच टेबलाभोवती तेवढंच, दोन पावलं, चालवलं. एक वस्तू सरकवली. आता गंमत बघा. पोळपाट एका दिशेने फिरवा किंवा पोरगं उलट दिशेने फिरवा, पोळपाटावरच्या वस्तू डोळ्यांना दिसणार त्याच तिरकेपणाने. चित्र तेच, कोडं तेच. पण त्याने डोळे उघडले आणि एका दमात उत्तर आलं, "लिंबू."

एक भाचा आणि एक पोळपाट म्हणजे काही विज्ञान नव्हे. पण हाच खेळ डॅनियल सायमन्स आणि रान्शाओ वांग या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत रीतसर मांडला आणि १९९८ साली प्रसिद्ध केला. (सायमन्स म्हणजे तेच, ज्यांच्या चित्रफितीत चेंडू फेकणाऱ्यांच्या मधून गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती चालत जाते आणि निम्म्या लोकांना ती दिसतच नाही.) गोल टेबल, त्यावर पाच वस्तू, मध्ये पडदा. पडदा पडलेला असताना एक वस्तू जागा बदलायची. कधी टेबल ४७ अंशांनी फिरायचं, कधी बघणारा माणूस चालत तेवढ्याच कोनातून नव्या जागी जायचा. निकाल भाच्यासारखाच लागला. माणूस चालला तर बदल सहज ओळखू यायचा, टेबल फिरलं की गोंधळ.

तुम्ही म्हणाल, खोलीतल्या भिंती, दारं, खिडक्या दिसत होत्या, त्यांच्या आधाराने ओळखलं असेल. बरोबर शंका आहे. म्हणून त्यांनी खोलीत अंधार केला आणि अंधारात चमकणाऱ्या वस्तू ठेवल्या. भिंती गायब, टेबल गायब, नुसत्या पाच चमकत्या वस्तू. तरीही चालणारा जिंकला.

पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. समजा माणूस चालत नव्या जागी गेला आणि गुपचूप टेबलही त्याच्याबरोबर तेवढंच फिरवलं. म्हणजे आता त्याच्या डोळ्यांसमोर हुबेहूब मघाचंच चित्र आहे, एका अंशाचाही फरक नाही. हे तर सगळ्यात सोपं, नाही का? नाही! तिथे लोक जास्त चुकले. तेच चित्र पुन्हा दाखवलं तर ओळखायला अवघड, आणि वेगळं दाखवलं तर सोपं. मेंदू डोळ्यांत पडलेलं चित्र जपून ठेवत असता, तर असं कधीच झालं नसतं.

मग तो ठेवतो तरी काय? तुम्ही डोळे मिटून दोन पावलं चालता, तेव्हा मेंदू आठवणीतला तो पोळपाट तुमच्या पावलांच्या हिशेबाने हळूहळू वळवत असतो. तुम्ही नव्या जागी पोचेपर्यंत आठवण आधीच तिथे पोचून उभी असते: आता लिंबू उजवीकडे दिसायला हवं, किल्ली जवळ यायला हवी. डोळे उघडायचे ते फक्त पडताळून पाहायला. टेबल फिरतं तेव्हा हा हिशेब चालतच नाही. आणि १९९९ साली याच जोडीने आणखी एक फिरकी घेतली. लोकांना स्वतःच्या हाताने टेबल फिरवू दिलं, किती फिरलं ते डोळ्यांनी बघू दिलं. तरी चालण्याची सर आली नाही. हाताला कळलं, डोळ्यांना कळलं, पण आठवणीने काही जागा सोडली नाही. तिला पाय लागतात.

हा हिशेब ठेवतं कोण? प्रत्येक कानाच्या आत तीन इवल्याशा अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यात द्रव भरलेला आहे. डोकं वळलं की नळी वळते, पण आतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो. भरलेली कळशी गर्रकन फिरवली की आतलं पाणी लगेच फिरत नाही, तसंच. त्या रेंगाळण्यावरून मेंदूला कळतं की आपण किती वळलो. त्यात स्नायूंकडून येणारी खबर मिळवायची, की पावलांची वही तयार. वाळवंटातल्या मुंग्यासुद्धा ही वही ठेवतात. २००६ साली संशोधकांनी काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे केस चिकटवून चक्क काठ्यांवर चालायला लावलं. अन्नापासून वारुळाकडे परतताना त्या मुंग्या वारूळ ओलांडून पुढे निघून गेल्या. पावलं मोजून बरोबर होती, प्रत्येक पाऊल तेवढं लांब पडत होतं.

आणि मेंदूत या वहीची पानंसुद्धा सापडली आहेत. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओ'कीफ यांना उंदरांच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, अशा पेशी मिळाल्या ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की सणसणतात. दुसऱ्या काही पेशी आहेत, त्या उंदराचं तोंड एका ठरावीक दिशेला असलं तरच बोलतात, होकायंत्रासारख्या. नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना तर जमिनीवर षटकोनी जाळं आखल्यासारख्या ठिकठिकाणी जाग्या होणाऱ्या पेशी सापडल्या. २०१४ सालचं नोबेल या तिघांना मिळालं. कुठे आहोत, तोंड कुठे आहे, किती चाललो: आपल्या आठवणी या तीन प्रश्नांच्या मांडवाखाली नांदतात.

तोंड कुठे आहे, या प्रश्नाची ताकद बघायची असेल तर मिलानला जावं लागेल.

इटलीतल्या मिलान शहराच्या मधोमध एक प्रचंड चौक आहे, पियाझ्झा देल दुओमो. एका टोकाला संगमरवरी कॅथीड्रल, दोन्ही बाजूंना इमारती, कमानी, दुकानं. मिलानमध्ये वाढलेल्या माणसाला तो चौक पाठ असणार, पुणेकराला मंडई असते तसा. १९७८ साली एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुझात्ती यांनी अशाच दोन मिलानकरांबद्दल लिहिलं. दोघांच्याही मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेली. अशा काही रुग्णांचं एक विचित्र होतं. डोळे ठीक असतात, पण जगाची डावी बाजू त्यांच्या लेखी उरतच नाही. उजव्या गालाची दाढी करतात, डावा गाल तसाच. आपल्याकडे असा माणूस पंगतीला बसला तर भाजी-आमटी संपवेल, आणि ताटाच्या डाव्या बाजूची चटणी-कोशिंबीर तशीच राहील. वर तो विचारेल, आज चटणी केली नाही का?

हे समोरच्या ताटाचं झालं. पण आठवणीतल्या चौकाचं काय? तिथे तर डोळ्यांचा संबंधच नाही. संशोधकांनी त्या दोघांना सांगितलं: अशी कल्पना करा, की तुम्ही कॅथीड्रलकडे तोंड करून चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभे आहात. काय काय दिसतं ते सांगा. त्यांनी मुख्यतः उजव्या बाजूच्या इमारती सांगितल्या. डावीकडचं जवळजवळ काही नाही. ठीक, विसरले असतील. मग सांगितलं: आता मनातल्या मनात चौक ओलांडा, कॅथीड्रलच्या दारात जाऊन उभे राहा आणि पाठ त्याच्याकडे करा. आता काय दिसतं?

आणि ते दुसऱ्या बाजूच्या इमारती सांगू लागले! ज्या मघाशी एकदाही आठवल्या नव्हत्या, त्याच. आणि मघाशी धडाधड सांगितलेल्या आता गायब.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभा राहिलो होतो, खरंच सांगतो. विचार करा, सगळा चौक त्यांच्या डोक्यात होता. एक वीटही हरवलेली नव्हती. पण तो बघायला त्यांना मनातसुद्धा कुठेतरी उभं राहावं लागलं, कुणीकडे तरी तोंड करावं लागलं. आणि तसं केलं रे केलं, की डावी बाजू अंधारात. आठवायला बसायचं म्हणजे आधी पाय कुठेतरी टेकवायचे! तुमच्या लहानपणच्या आळीचं वर्णन करून बघा. तुम्ही आपोआप आळीच्या तोंडाशी उभे राहाल आणि "शिरताना उजव्या हाताला..." अशी सुरुवात कराल. आकाशातून बघितल्यासारखी आळी कुणी सांगत नाही.

बरं, उभं राहणं झालं. आता गतीकडे वळू. ती आणखी लबाड आहे.

वर्तमानपत्रात क्रिकेटचा फोटो येतो. झेल घ्यायला क्षेत्ररक्षक हवेत आडवा झालाय, चेंडू बोटांपासून वीतभर लांब. फोटो जागचा हलत नाही, शाई आहे ती. पण तुमची आठवण? जेनिफर फ्रेयड यांनी १९८३ साली असेच गतीत गोठवलेले फोटो लोकांना दाखवले, कुणी उडी मारताना वगैरे. क्षणभराने त्याच हालचालीतला दुसरा क्षण दाखवून विचारलं, हा तोच फोटो की वेगळा? दुसरा फोटो आधीच्या क्षणाचा असेल तर लोक पटकन म्हणत, वेगळा. पण तो पुढच्या क्षणाचा असेल तर अडखळत, वेळ लावत. कारण त्यांच्या मनातला माणूस मधल्या वेळात थोडा पुढे सरकला होता. फोटोने उडी थांबवली, आठवणीने नाही थांबवली.

पुढच्या वर्षी रोनाल्ड फिंके यांच्याबरोबर त्यांनी हेच साध्या आयताने दाखवलं. आयत एक एक टप्पा वळताना दिसतो, मग नाहीसा होतो. शेवटी तो कुठे होता? लोक त्याला जरा पुढे ढकलून आठवतात. ब्रेक मारल्यावर एसटीत उभे असलेले सगळे पुढे कलंडतात, तशी आठवणही पुढे कलंडते. त्यावर कडी म्हणजे पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की खाली पडणारी वस्तू वर जाणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त पुढे ढकलली जाते. आठवणीलासुद्धा गुरुत्वाकर्षण! आणि २००० साली झोई कुर्त्झी आणि नॅन्सी कॅनविशर यांनी मेंदूच्या चित्रणात पाहिलं की थाळी फेकणाऱ्या खेळाडूसारखा नुसता स्थिर फोटो बघतानाही मेंदूतला हालचाल टिपणारा भाग जागा होतो. हलणारं काहीच नसताना.

जागेबाबतही आठवण अशीच पुढे धावते, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. हेलन इन्ट्रॉब आणि मायकेल रिचर्डसन यांनी १९८९ साली विद्यार्थ्यांना जवळून काढलेले फोटो दाखवले. त्यातला एक प्रसिद्ध झालाय: लाकडी कुंपणापुढे ठेवलेले कचऱ्याचे डबे. फोटो इतका जवळून घेतलेला की डबे कडेला कापले गेलेत. नंतर सांगितलं, आठवून चित्र काढा. मुलांनी डबे पुरते काढले. कापलेली कड नाही, पूर्ण गोल डबा, आणि आजूबाजूला भरपूर कुंपण. जे फोटोत नव्हतंच ते! आणि त्यांना अजिबात वाटत नव्हतं की आपण पदरचं काही घालतोय. "असंच तर होतं."

हे होतं कधी? महिन्यांनी, आठवण विटल्यावर? पुढे इन्ट्रॉब यांनी मोजलं, तर चित्र नाहीसं होऊन सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी वेळ गेला तरी कडा रुंदावलेल्या असतात. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कारण डोळ्याचं कामच तसं आहे. हात लांब करा आणि अंगठ्याचं नख बघा. अगदी लख्ख, बारकाव्यानिशी दिसणारा भाग जेमतेम तेवढ्याच रुंदीचा असतो. बाकी सगळं धूसर. म्हणून बुबुळं सेकंदाला साधारण तीन वेळा उड्या मारत असतात आणि मेंदू ते तुकडे शिवत बसतो. तुकडे शिवायचे तर शिवणीत मुडपायला कापड थोडं जास्तीचं हवंच, कुठल्याही शिंप्याला विचारा. चौकटीबाहेर जग संपत नाही हे मेंदूला पक्कं ठाऊक आहे. म्हणून पुढच्या उडीत जे दिसेल त्याची पट्टी तो आधीच जोडून ठेवतो. घाटातून जाणाऱ्या गाडीच्या खिडकीत बसून आपण जे बघतो, ते खरं म्हणजे गजांनी कापलेले तुकडे. तुम्हाला गज आठवतात का? आठवते ती दरी, सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

डोळ्यांचीसुद्धा गरज नाही म्हणे. डोळे बांधलेल्या लोकांना चौकटीच्या आतल्या वस्तू हाताने चाचपू दिल्या आणि नंतर चौकट कुठपर्यंत होती असं विचारलं, तर त्यांनीही ती बाहेर सरकवली. दिसत-ऐकू येत नसलेल्या एका व्यक्तीनेही तेच केलं.

मग असं कुणी आहे का, ज्याची आठवण कडा इतक्या रुंदावत नाही? आहे. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या लोकांवर लंडनमध्ये एलिनॉर मॅग्वायर यांच्या गटाने हाच प्रयोग केला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. ज्यांना कालचं आठवत नाही, त्यांनी मूळ फोटोची चौकट निरोगी लोकांपेक्षा जास्त अचूक सांगितली! कारण उघड आहे, पण पचायला वेळ लागतो. त्यांचा मेंदू चौकटीबाहेरचं जग नीट रचू शकत नव्हता, म्हणून जेवढं दाखवलं जवळपास तेवढंच उरलं. आपण चुकतो कारण आपली यंत्रणा धड आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०२० साली विल्मा बेनब्रिज आणि क्रिस बेकर यांनी नाना तऱ्हेच्या शेकडो फोटोंवर हे तपासलं, तेव्हा काही फोटोंच्या कडा आठवणीत रुंदावण्याऐवजी आत आल्या. दुरून घेतलेली, पसरट दृश्यं लोक जवळ ओढून आठवतात असं दिसलं. म्हणजे मेंदूला जवळचं थोडं लांब आणि लांबचं थोडं जवळ हवं असतं की काय? यावर वाद चालू आहे आणि मला तो वाद फार आवडतो. इन्ट्रॉबबाईंचे डबे मात्र अजून पुरतेच आहेत.

आता तुमची एखादी लहानपणची आठवण काढा. शाळेचा पहिला दिवस, सायकलवरून पडणं, काहीही. नीट बघा: तुम्ही त्या प्रसंगात आतून बघताय, की स्वतःलाच बाहेरून बघताय? १९८३ सालीच जॉर्जिया नीग्रो आणि उल्रिक नायसर यांनी लोकांना हे विचारलं, तेव्हा दोन्ही तऱ्हा निघाल्या. जुन्या आठवणींत लोक बऱ्याचदा स्वतःला बाहेरून बघतात. त्या वेळी मनाला काय वाटलं याकडे लक्ष वळवलं की पुन्हा आत शिरतात. फ्रॉइडनेही १८९९ साली या बाहेरून दिसणाऱ्या आठवणींवर बोट ठेवलं होतं: मूळ अनुभव असा असूच शकत नाही, म्हणजे मागाहून कुणीतरी हात फिरवलाय.

मी विहिरीत पोहायला शिकलो. काका पाण्यात, मी पायरीवर, पाठीला गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा सुंभाने बांधलेला. काकांनी हात पुढे केला आणि मी उडी टाकली. ही आठवण मला काठावरून दिसते, वरून, थोडी डावीकडून. हिरवं पाणी, काकांचं टक्कल, हवेतला किडकिडीत मुलगा. परवा आईला विचारलं, काठावर तेव्हा कोण होतं? ती म्हणाली, कोण असणार, मी स्वयंपाकात होते, बाबा कामावर. कॅमेरा तर आळीत कुणाकडेच नव्हता.

पण त्या डब्याच्या तळाशी एक पोचा आहे, बशीएवढा, आणि त्यावरचा निळा रंग उडालाय. डबा माझ्या पाठीवर बांधलेला आहे, आणि तो पोचा मला अगदी स्वच्छ दिसतोय.